सुतकातले मुंगळे

सर्व संबंधितांस, असंबंधितांस, आणि अमरावतीच्या फूलबाजारात भल्या सकाळी माझ्यासमोर उभं राहून झेंडूचा भाव पाडून मागणाऱ्या तमाम जनतेस याद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, तिवसा तालुक्यातील आमच्या शेतात, विहिरीपासून तेरा पावलांवरच्या कडुनिंबाच्या बुंध्यात कित्येक पिढ्यांपासून वास्तव्य करून असलेल्या काळ्या मुंगळ्यांचा रंग गेला आहे. तो कोणी नेला याची चौकशी पूर्ण झालेली आहे. दोषी व्यक्ती आमच्याच घरातली निघाली. ती सापडली तेव्हा तिला जाऊन तीन महिने झाले होते.

आता गांभीर्य बाजूला ठेवतो. ते मला फार वेळ धरवत नाही. माझं वय बावन्न, धंदा फुलांचा, आणि आवाज असा की बाजाराच्या या टोकाला बोललो तर त्या टोकाचा हारवाला मान वर करतो. बायको म्हणते, "तुमी झेंडू कमी इकता अन् तोंड जास्त चालवता." खरं आहे. पण गिऱ्हाईक थांबतं ते तोंडामुळे. आणि मागच्या दिवाळीनंतर दोनेक महिने माझ्यापाशी जी गोष्ट होती, तिच्यावर मी शेवंतीसुद्धा झेंडूच्या आधी संपवून दाखवली.

गोष्ट अशी की आमच्या आईच्या मरणाचं सुतक मुंगळ्यांनी धरलं.

आई दर शनिवारी मुंगळ्यांना पीठ-साखर घालायची. आमच्या भागात पुष्कळ बायका घालतात, त्यात नवल नाही. पण आईचं सगळं ठरलेलं. घर आमचं शेतातच. मागच्या खोलीच्या कोनाड्यात तुपाचा जुना चौकोनी डबा, त्यात भाजलेली कणीक आणि पिठीसाखर. वर्षातून दोनदा ती तो डबा गळ्यापर्यंत भरायची आणि आम्हा कोणालाही त्याला हात लावू द्यायची नाही. शनिवारी सकाळी चहा झाला की एक मूठ पीठ घेऊन ती कडुनिंबाकडे निघायची. डावा पाय हत्तीपायाचा. गुडघ्यापासून खाली भोपळ्यासारखा सुजलेला. त्या पायातली वहाण पुढून कापून मोठी केलेली. त्यामुळे तिच्या चालण्याचा आवाज अख्ख्या घराला पाठ होता. एक ठप, एक सर्र. ठप, सर्र. बुंध्यापाशी पोचली की उकिडवी बसायची, सुजलेला पाय बाजूला पसरायची आणि म्हणायची, "या वं बायांनो."

मुंगळ्यांना बायांनो. मी लहानपणापासून हसत आलो. मुंगळा हा पुरुषच असणार अशी माझी समजूत होती. मिशा कोणाला असतात?

ही समजूत माझ्या भाचीने मोडली. बहिणीची मुलगी. अकोल्याच्या एका कॉलेजात ती संशोधन करते, आणि संशोधन कशावर, तर रानातल्या मुंग्यांच्या पोटातल्या जंतूंवर. सोयरे विचारतात तेव्हा बहीण नुसतं "सायन्स" म्हणते आणि विषय बदलते. मागच्या वर्षीच्या थंडीत भाची आमच्या शेतात आली, खांद्याला बॅग, बॅगेत स्पिरिट भरलेल्या बोटभर नळ्या. तिला अकोल्यापासून तिवशापर्यंत दहा-बारा ठिकाणच्या वारुळांतले मुंगळे गोळा करायचे होते, आणि वर्षाने पुन्हा त्याच वारुळांतले, म्हणजे कोणत्या वारुळात कोणते जंतू आहेत आणि टिकतात की नाही ते कळेल. आमच्या कडुनिंबाचा नंबर लागला सातवा.

आई तिच्याबरोबर बसली. आजी आणि नात, दोघी उकिडव्या, दोघींचे गुडघे सारखेच बाहेर फेकलेले. भाची चिमट्याने मुंगळा उचलून नळीत टाकायची आणि आई प्रत्येकाला "जाय माय" म्हणून निरोप द्यायची.

"आजी, हे सगळे खरंच बायाच आहेत बरं का," भाची म्हणाली. "बाहेर फिरतात, काम करतात त्या सगळ्या माद्या."

"मले माईत हाये," आई म्हणाली. "मानसं असते तं एवढं काम केलं असतं का?"

मी खाटेवर पडून हे ऐकत होतो. उठलो नाही.

"आणि यांच्या पोटात जंतू राहतात," भाची सांगत गेली. तिला सांगायला कोणी भेटलं की ती थांबत नाही, या बाबतीत ती माझ्यावर गेली आहे. "पोटाच्या आतल्या पेशींमध्येच त्यांचं घर. राणी अंडं घालते तेव्हाच ते अंड्यात शिरतात. मायपासून लेकीत, लेकीपासून तिच्या लेकीत. असं लाखो वर्षांपासून."

"अन् पोराइत?"

"पोरांमध्ये पण जातात. पण पोरांपासून पुढे कुठे जात नाहीत. तिथंच रस्ता बंद."

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आयकलं का?" ती म्हणाली.

भाची पुढे म्हणाली, की हे जंतू वाईट नाहीत, उलट मुंगळ्यांना खाण्यातून जे मिळत नाही ते आतल्या आत बनवून देतात, मुंगळ्यांची टणक काळी पाठ त्यांच्यामुळेच बनते. आईने हे ऐकून घेतलं. मग आपल्या पायाकडे बोट दाखवून म्हणाली, "जंतू कधी कोनाच्या कामाचा असते का वं? माह्या पायाले इचार."

भाची हसली. मीही हसलो. त्या हसण्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

उन्हाळ्यात आईला अमरावतीला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने समजावून सांगितलं. पायात धाग्यासारखे किडे असतात, आणि त्या किड्यांच्या पोटात पुन्हा जंतू असतात. कॅप्सूल किड्याला मारत नाही, त्याच्या आतल्या जंतूला मारते. जंतू गेला की किडा आपोआप खंगतो. दीड महिना, सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही. हे मी संध्याकाळी फोनवर भाचीला सांगितलं तर ती आनंदाने नाचायचीच बाकी राहिली. फोन आजीला द्या म्हणाली. स्पीकर चालू होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"आजी, तुझ्या पायातल्या किड्यांमध्ये जे जंतू आहेत ना, त्यांचेच भाऊबंद मुंग्यांत पण सापडतात. किती मुंग्यांत!"

"आपल्या डोंगळ्याइत बी?" आमच्याकडे मुंगळ्याला डोंगळाही म्हणतात.

"असतील. नाही तर त्यांच्यासारखे दुसरे."

"असं का," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

दीड महिना आईने औषध घेतलं. निदान आमच्या डोळ्यांसमोर तसं दिसायचं. माझी बायको कॅप्सूल हातावर द्यायची, आई तांब्या घेऊन मागच्या खोलीत जायची. "पोटात आग पडते वं बाई, पडल्या पडल्याच घेतो," म्हणायची. सूज थोडी उतरल्यासारखी वाटली. आई म्हणायची उतरली. आम्हीही म्हणालो उतरली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी, दुपारी, जेवून खाटेवर पडली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. मी विचारलं, पायाचा काही संबंध? तो म्हणाला नाही. मी आणखी एकदा विचारलं. तो पुन्हा नाही म्हणाला.

तेरवीच्या दिवशी मी पत्रावळी टाकायला कडुनिंबामागे गेलो तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बुंध्यावर मुंगळ्यांची रांग चालली होती आणि त्यातले अर्ध्याहून जास्त काळे नव्हते. दूध जास्त पडलेल्या चहाचा रंग. पाय तर इतके फिके की आरपार दिसतील असं वाटावं. आणि चाल मंद. मुंगळा म्हणजे एरवी कोर्टाची तारीख असल्यासारखा पळणारा प्राणी. हे सगळे मयतीला आल्यासारखे चालत होते.

माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल. आणि काटा बसण्याच्या आतच, कबूल करायला लाज वाटते, माझ्या मनात आलं, ही गोष्ट बाजारात काय चालेल!

चाललीच. मी ती दररोज थोडी शिवून मोठी केली. पहिल्या दिवशी मुंगळे फिके पडले होते. चौथ्या दिवशी ते पांढरे झाले. दहाव्या दिवशी तर ते आई गेली त्या वेळेला, दुपारी, बुंध्यापाशी गोल करून बसू लागले. "सुतक पाळून राहिले, बाप्पा," मी आवाज खाली आणून सांगायचो. "मानूस इसरते, मुंगळा इसरत नाही." हार घ्यायला आलेल्या एका बाईने डोळ्याला पदर लावला आणि पावशेर साखर माझ्या हातात ठेवली, मुंगळ्यांना घाला म्हणून. ती साखर आम्ही चहात घातली. मी काहीही लपवणार नाही असं ठरवून लिहितो आहे.

पण मग गोष्ट माझ्या हातातून निसटू लागली.

आधी आवाज. एका शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात पाट्या धुत होतो. घरात म्हातारे बाबा तेवढे खाटेवर, बायको फुलं तोडायला गेली होती. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. ठप, सर्र. ठप, सर्र. खोलीतून अंगणाकडे आणि अंगणातून कडुनिंबाकडे, फुलं ठेवायच्या शेडच्या पलीकडून, दिसणार नाही असा. मी हातातली पाटी तशीच धरून उभा. एवढा बोलणारा माणूस, पण तोंडातून हवासुद्धा निघाली नाही. आवाज थांबला. थोड्या वेळाने तसाच परत आला आणि खोलीत जाऊन मिटला. मी आत गेलो तेव्हा बाबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले होते.

"बाबा, कोनी आलतं का?"

"कोन येनार?" ते म्हणाले. वळले नाहीत.

मग रांग. पौषातली दुपार होती. फिके मुंगळे उंबऱ्यावरून घरात शिरले, मागच्या खोलीत भिंतीच्या कडेने आईच्या खाटेच्या रिकाम्या जागेपर्यंत गेले, आणि तिथून सरळ भिंतीवर चढून आईच्या फोटोपर्यंत. फोटो कोनाड्याच्या बाजूलाच लावलेला. हाराच्या सुकलेल्या शेवंतीत ते शिरत होते, निघत होते. मी बायकोला बोलावलं. तिने एक शब्द न बोलता फोटोपुढे निरांजन लावलं. मला म्हणाली, "तुमी बाजारात मायच्या नावानं तमाशा मांडला ना. आता पाहा."

त्या दिवसापासून बाजारात मी मुंगळ्यांचं नाव काढलं नाही. लोक विचारायचे, मी झेंडू मोजायचो. घरी पाय भिंतीपासून लांब ठेवून झोपायचो. आपल्या आत काय काय शिरलेलं आहे, कोणाचं, कधीपासून, असं काहीतरी डोक्यात यायचं. आरशात दाढी करताना मी जीभ गालात घालून थांबतो, ही सवय आईची, भाजीत मीठ पाहताना ती अशीच थांबायची. ती माझ्यात कशी आली? मी तर रस्ता बंद असलेला माणूस.

अशात एका शुक्रवारी दुपारी भाची आली. या वेळी बॅग नव्हती. पर्स होती आणि डोळे सुजलेले होते.

तिच्या दुसऱ्या वर्षाच्या नळ्या तपासून झाल्या होत्या. दिवाळीनंतर मी अमरावतीला गेलेलो असताना ती येऊन नवे मुंगळे घेऊन गेली होती. बाकी सगळ्या वारुळांत मागच्या वर्षीसारखेच जंतू होते. सातव्यात जवळजवळ नव्हतेच. पोटातले जंतू, जे लाखो वर्षांत सुटले नाहीत, ते एका वर्षात गायब.

"मॅडम म्हणतात असं होऊच शकत नाही," ती म्हणाली. तिच्या मार्गदर्शक मॅडम कडक, पण खोट्या नाहीत, असं ती नेहमी सांगायची. "म्हणतात, मुंगळ्यांचा रंग पण वेगळा आहे, तू दुसऱ्याच कुठल्या मुंग्या भरून आणल्यास आणि वर सात नंबरची चिठ्ठी लावलीस. आणि एक चिठ्ठी चुकली असेल तर त्या डब्यातल्या बाकीच्या नळ्यांवर कसा विश्वास ठेवायचा? सोमवारपर्यंत समजावून सांगता आलं तर सांग, नाहीतर अख्खा डबा बाद. दोन वर्षं मामा. पुन्हा पहिल्यापासून."

"अवं पन रंग तं खरंच गेला हाये," बायको म्हणाली. "तुह्या मामानं अख्ख्या अमरावतीले सांगतलं."

"काय सांगितलं?"

मी सुतकाची गोष्ट सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा कमीत कमी शब्दांत. भाची हसली नाही. तिने एकच विचारलं, "रंग कधीपासून गेला? आजीच्या आधी की नंतर?"

आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. नंतर, असं आम्ही धरून चाललो होतो. आधी कोणी पाहिलंच नव्हतं. कडुनिंबाकडे फक्त आई जायची.

"आणि आता त्यांना खायला कोण घालतं?"

"कोनी नाही," मी म्हणालो.

बाबा दारात बसले होते. ते उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. चहा झाला आणि मागच्या खोलीतून आवाज आला. ठप, सर्र. मी बायकोचा हात धरला, म्हणजे तिला धीर द्यायला. भाची मात्र सरळ उठून शेडच्या पलीकडे गेली, मग आम्हीही गेलो.

बाबा चालले होते. पायात आईच्या वहाणा. डावी, कापून मोठी केलेली, बाबांच्या वाळक्या पायात सैल, म्हणून जमिनीवर घासत होती. मुठीत पीठ. कडुनिंबापाशी गेले, गुडघे दुखतात म्हणून उकिडवं बसता येईना, तर एका हाताने बुंधा धरून वाकले आणि पीठ टाकलं. बायांनो वगैरे काही म्हणाले नाहीत. नुसतं उभे राहिले.

"आबाजी, कोणतं पीठ आहे हे?" भाचीने विचारलं.

"तिचंच. डब्यातलं."

"आजीनं भरलेलं?"

बाबांनी मान हलवली.

डबा कोनाड्यातून खाली आला. फोटोच्या बाजूच्या कोनाड्यातून. झाकणाच्या कडेला पीठ सांडलेलं होतं आणि त्यावर चार फिके मुंगळे बसलेले होते. म्हणजे रांग फोटोसाठी नव्हती, डब्यासाठी होती. मी तिथेच हुश्श केलं. पोथी वाचायच्या पाटावर पेपर पसरून भाचीने डबा उपडा केला. निम्म्याहून कमी पीठ उरलेलं. आणि पिठात हिरवी-पिवळी टोपणं. कॅप्सूलची. अर्धी अर्धी उघडलेली, आत काही नसलेली. भाची बोटाने बाजूला करत गेली आणि ती निघतच राहिली.

"ह्या तं आत्याबाईच्या पायाच्या गोळ्या हायेत," बायको हळूच म्हणाली. "म्या हातावर देल्या. रोज."

मग बाबाच बोलले, भिंतीकडे पाहत. "तिनं शपथ घातली होती. कोनाले सांगजो नोको म्हने."

"काय सांगू नका?"

"तूच सांगतलं होतं तिले," बाबा नातीला म्हणाले. राग नव्हता आवाजात. "डोंगळ्याइच्या पोटात जंतू हाये. मंग फोनवर सांगतलं, तिच्या पायातल्या जंतूचेच भाऊबंद. तुही आजी म्हने, मले पायाचा दोष हाये म्हनून दवाखान्यात नेलं, थ्यायले कोन नेते? एकच दवाई हाये तं मी काहून एकटी खाऊ? माह्यानं खाल्ली बी जात नाही, पोट जयते. रोज फोडून टाके पिठात. टोपनं बी टाके. म्हने त्यातबी गोड असन."

भाची जमिनीवर बसली. तिने नंतर मला सांगितलं, की प्रयोगशाळेत मुंग्यांच्या पोटातले जंतू काढून टाकायचे असतील तर हेच करतात. हेच औषध, गोड पाण्यात कालवून, महिनोन्‌महिने. जंतू गेले की नव्या मुंग्यांची पाठ नीट बनत नाही. पातळ राहते. फिकी राहते. आईने कडुनिंबाखाली अख्खी प्रयोगशाळा चालवली होती, आणि ती मेल्यावर तीन महिने ती तशीच चालू होती, तिच्याच पिठाने, तिच्याच वहाणांनी.

आणि पायाच्या किड्यांना औषध मिळालंच नव्हतं. डॉक्टर दोनदा नाही म्हणाला होता, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते पेपरवरचं पीठ पाहत कितीतरी वेळ उभा होतो.

"आबाजी, तुम्हाला हे मॅडमना सांगावं लागेल," भाची म्हणाली. "मी सांगितलं तर त्यांना वाटेल मीच रचलं."

"मी सांगतो ना," मी म्हणालो.

"तुमी सांगतलं तं कोनी इश्वासच ठेवनार नाही," बायको म्हणाली.

"मी सांगनार नाही," बाबा म्हणाले. "तुमाले सांगतलं थेच लय झालं. मेलेल्या मानसाची शपथ हाये." आणि भिंतीकडे वळून पडले.

रविवार तसाच गेला. मी समजावलं, बायकोने समजावलं. बाबा वळले नाहीत. भाचीने मात्र एकदाही विनवलं नाही. संध्याकाळी ती कडुनिंबापाशी जाऊन उकिडवी बसली, गुडघे बाहेर फेकून, एक पाय जरा बाजूला पसरून. तिचा पाय धडधाकट आहे, पसरायचं काही कारण नव्हतं. रडत होती, पण आवाज नव्हता. बोटाने रांगेच्या बाजूचा काडीकचरा काढत होती, मुंगळ्यांना वाट मोकळी करून देत होती. बाबा खिडकीतून पाहत होते. मी बाबांना पाहत होतो. त्यांनी खिडकीचा गज सोडला.

ते वळले. कोपऱ्यातले स्वतःचे बूट ओढून काढले, त्यावरची धूळ हाताने पुसली आणि मला विचारलं, "बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी किती वाजता हाये?"

सोमवारी सकाळी आम्ही तिघं गाडीत बसलो. डबा बाबांच्या मांडीवर. समोरच्या माणसाने विचारलं, "घरचं तूप हाये का, बाबूजी?"

"माह्या गेलेल्या बायकोचं पीठ हाये," बाबा म्हणाले. तो माणूस मूर्तिजापूरला उतरून दुसऱ्या डब्यात गेला असावा, कारण अकोल्याच्या फलाटावर तो मला पुन्हा दिसला.

मॅडमची खोली छोटी होती. स्पिरिटचा वास, भिंतीला लागून फ्रीज, टेबलावर तो वादातला डबा, त्यात ओळीने नळ्या आणि नळ्यांत मुंगळे. मॅडमने बाबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. बाबांनी तुपाचा डबा टेबलावर ठेवला आणि टोपी काढून त्यावर ठेवली. भाची नखं पाहत होती. माझ्या घशाशी आलेली पन्नास वाक्यं मी गिळली. आयुष्यात एवढं जड जेवण मी केलेलं नाही.

शेवटी बाबा बोलले. त्यांनी सगळं सांगितलं, खाटेपासून वहाणांपर्यंत, तिच्या शपथेसकट. एका वाक्यापाशी तेवढे थांबले. "थे मले म्हने, कोनाले सांगजो नोको, सून रागावन." मॅडमने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग डबा उघडला, चिमट्याने एक हिरवं टोपण उचललं, प्रकाशात धरलं. शेवटी सातव्या वारुळाची नळी काढून फिका मुंगळा भिंगाखाली पाहिला, आणि त्याच्या बाजूला मागच्या वर्षीचा काळा.

"जात एकच आहे," त्या म्हणाल्या. स्वतःशीच. मग भाचीकडे वळून, "हे मी आधीच नीट पाहायला हवं होतं. चिठ्ठी बरोबर आहे. बाकी वारुळं तशीच ठेव, सातवं वेगळं काढ. आणि हे पीठ इथंच ठेव, आपल्या पेटीत पाळलेल्या मुंगळ्यांना घालून पाहू, तेव्हाच खात्रीने बोलता येईल. दोन-तीन महिने लागतील. पण डबा बाद होत नाही."

भाचीने टेबलाची कड धरली. मी वर पंख्याकडे पाहिलं, कारण खाली पाहिलं असतं तर माझं नाटक झालं असतं.

बाबा उठले नाहीत. "अन् आमचे डोंगळे?" त्यांनी विचारलं. "आता हे पीठ बंद केलं तं पुन्हा काळे होतीन ना?"

खोटं बोलता येत नसलेल्या माणसाला कसं होतं तसं मॅडमना झालं. "आबाजी, राणीच्या आत थोडे जरी उरले असतील तर कदाचित पुन्हा वाढतील. पण तिच्यातलेच संपले असतील तर नाही. ते बाहेरून येत नाहीत. फक्त मायकडूनच येतात. मग नवीन पिल्लं कमी होत जातात, आणि एक-दोन वर्षांत वारूळ रिकामं होतं."

बाबा टेबलावरच्या नळ्यांकडे पाहू लागले. मागच्या थंडीतल्या नळीत, स्पिरिटमध्ये, काळेकुळकुळीत मुंगळे पाय दुमडून पडलेले होते. आईने "जाय माय" म्हणून निरोप दिलेले. बाबांनी टोपी उचलली, डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग त्या नळीवर बोट ठेवून एकदम मोठ्याने म्हणाले,

"मंग याइच्यातले जंतू काढून वापस द्या ना त्याइले, बाई."